हद्द कायम, हद्द प्रलंबित : लोकार्नो नकाशाच्या कामाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी आज होकार दिला. वर्तमानपत्रांच्या दालनातली उत्तरेकडची भिंत मिळाली. तिच्यावर सहा बाय चार फुटांचा नकाशा आणि शेजारी चार फलक. १९२५ साली जर्मनी आणि तिच्या शेजाऱ्यांच्या हद्दींबाबत झालेल्या लोकार्नो कराराला १६ ऑक्टोबरला शंभर वर्षं होतात, त्या दिवशी लावायचं. "लोकांना हिटलर ठाऊक असतो, लोकार्नो कुणाला ठाऊक?" बाई म्हणाल्या. म्हणूनच करतोय, म्हटलं. भिंत त्यांची, खर्च माझा.

भूमापनात तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे पहिला प्रश्न प्रमाणाचा. १ सेंमीला १० किमी धरलं तर लंडनपासून वॉर्सापर्यंत आणि खाली लोकार्नो, जिनिव्हापर्यंत सगळं बसतं. पूर्व प्रशियाही बसतो. भाचा म्हणाला, "मामा, प्रमाण कशाला, अंदाजे काढू की." त्याला चित्रकला शिकवायची असते, त्याचं चालून जातं. मला वरच्या कोपऱ्यात प्रमाणपट्टी नसलेला नकाशा बघवत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिल्या फलकाचा मजकूर. कोण, कुठे, कधी.

स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, माज्जोरे सरोवराच्या काठी लोकार्नो. ५ ते १६ ऑक्टोबर १९२५. बैठका तिथल्या न्यायालयाच्या इमारतीत. जर्मनीकडून परराष्ट्रमंत्री स्ट्रेसमान आणि चान्सलर लुथर, फ्रान्सचे ब्रियाँ, ब्रिटनचे ऑस्टेन चेंबर्लेन, बेल्जियमचे वांदेरवेल्दे. मुसोलिनी शेवटी शेवटी आले आणि लगेच गेले. पोलंडचे स्क्शिन्स्की आणि चेकोस्लोव्हाकियाचे बेनेशही होते, पण मुख्य करार चालू असताना ते शेजारच्या खोलीत. आत बोलावेपर्यंत त्यांना तिथे बसावं लागलं, असं स्ट्रेसमान नंतर देशात परतल्यावर भाषणात अभिमानाने सांगत होते. ही शेजारची खोली फलकावर यायलाच हवी.

चेंबर्लेन म्हटलं की लोकांना छत्रीवाले पंतप्रधान नेव्हिल आठवतात. हे त्यांचे थोरले सावत्र बंधू. आपला त्यांच्याशी जुना संबंध आहे. १९१५ पासून ते भारतमंत्री होते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा जो विचका झाला, त्याच्या चौकशीचा अहवाल आला तेव्हा जुलै १९१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कूत इथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली ती सहावी पुणे डिव्हिजन. मराठा पलटणींचे जवान त्यात होते. आपल्या तालुक्यातल्या एकदोन गावांत महायुद्धाच्या शिळा आहेत, त्यांवर गावातून गेलेल्या माणसांचा आकडा असतो. फलकावर हे एका ओळीत टाकतो. मूळ विषय तो नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

कराराचं कलमवार वाचन संपवलं. खरेदीखत वाचावं तसं वाचलं, पेन्सिल घेऊन.

लोकार्नो म्हणजे एक करार नव्हे, जुडगं आहे. त्यातला मोठा तो ऱ्हाईनचा हमी करार. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, ब्रिटन, इटली असे पाच पक्ष. जर्मनी-फ्रान्स आणि जर्मनी-बेल्जियम या दोन हद्दी आहेत तशा राहतील. महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाच्या ४२ आणि ४३ कलमांनी ठरलेला निर्लष्करी पट्टा, म्हणजे ऱ्हाईनचा डावा किनारा सगळा आणि उजवीकडे ५० किमी, तोही तसाच राहील. कुणी मोडलं तर ब्रिटन आणि इटली जामीनदार. उघडउघड आगळीक झाली तर त्यांनी ताबडतोब मदतीला जायचं, एरवी आधी राष्ट्रसंघाच्या, म्हणजे महायुद्धानंतर जिनिव्हात उभ्या राहिलेल्या राष्ट्रांच्या संघटनेच्या, मंडळाकडे.

आमच्या भाषेत ही 'हद्द कायम' झाली. दोन्ही शेजारी हजर, खुणा मान्य, पंचांच्या सह्या. एक फरक मात्र मोठा. १९१९ मध्ये जर्मनीला पुढ्यात कागद टाकून सही करायला लावली होती. इथे त्याने स्वतः प्रस्ताव मांडला. फेब्रुवारी १९२५ मध्ये पॅरिसला गेलेली चिठ्ठी बर्लिनची. मोजणीचा अर्ज कुणी केला यावर पुढचं निम्मं भांडण ठरतं, हे मी कितीतरी बांधांवर पाहिलंय.

पूर्वेला जर्मनी-पोलंड आणि जर्मनी-चेकोस्लोव्हाकिया असे लवादाचे करार. वाद झाला तर शस्त्राने नव्हे, लवादाने सोडवू. प्रस्तावनेत एक चांगलं वाक्य आहे, राज्याचे हक्क त्याच्या संमतीवाचून बदलता येत नाहीत अशा अर्थाचं. पण हद्द मान्य आहे असं कुठेही नाही. जामीनदारही नाही.

आणि कलम ९! ब्रिटिश डोमिनियनांवर किंवा हिंदुस्थानवर, त्या त्या सरकारने संमती कळवल्याशिवाय, या कराराचं कुठलंही बंधन येणार नाही. हिंदुस्थानचं नाव वेगळं घालून लिहिलंय. व्हर्सायवर हिंदुस्थानतर्फे तेव्हाचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या सह्या आहेत. राष्ट्रसंघाचे आपण पहिल्यापासून सभासद. १९१४ साली एका तारेवर लाखो माणसं बोटींत भरली, ती कुणाला न विचारता. अकरा वर्षांनी संमतीची अट आली. संमती देणारं 'सरकार' दिल्लीत बसलेले व्हाइसरॉयच होते, ही गोष्ट निराळी. हे कलम मोठ्या अक्षरात छापणार.

३१ ऑगस्ट, रविवार

घरी गौरी आल्या. काम बंद.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, ढोल अजून कानात आहेत. नकाशाची बाह्यरेषा ट्रेस करून झाली. फ्लेक्सवर नुसता पाया छापायचा, हद्दी दोऱ्याने दाखवायच्या, असं ठरवलं. पश्चिमेला लाल सुती दोरी, चार पदरी. पूर्वेला काय?

भाच्याचं म्हणणं, तिथे काहीच नको, मोकळं सोडू. मोकळं सोडलं तर बघणाऱ्याला वाटेल तिथे काही ठरलंच नाही. तेही खोटं. लवाद ठरला होता. सध्या पांढरा शिवणाचा दोरा, एक पदर. टाचण्या दर दहा सेंमीवर.

आजची तारीख योगायोगाची. ७ सप्टेंबर १९२५ ला स्ट्रेसमाननी जर्मनीच्या माजी युवराजाला खासगी पत्र लिहिलं होतं. तीन कामं सांगितली: नुकसानभरपाईचा प्रश्न जर्मनीला सोसेल असा सोडवणं, परदेशात राहिलेल्या जर्मनांचं रक्षण, आणि पूर्वेच्या हद्दी बदलणं, म्हणजे डान्झिग, पोलिश कॉरिडॉर, वरचा सायलेशिया. लोकार्नोला जायच्या महिनाभर आधी! पत्र छापलं गेलं १९३२ मध्ये, स्ट्रेसमान जाऊन तीन वर्षं झाल्यावर. यावरून त्यांना लबाड ठरवणारे बरेच आहेत. मला तसं वाटत नाही. युवराजाच्या गोटातल्या उजव्यांना करार गळी उतरवायचा तर दुसरं काय लिहिणार? आणि हद्द बदलायची इच्छा त्यांनी कधी लपवलीही नव्हती. युद्धाने बदलायची, असं मात्र त्या पत्रात नाही.

कॉरिडॉर कसा समजवायचा यावर भाच्याशी अर्धा तास. तो म्हणाला, "शेतातून रस्ता देतात तसं?" नाही. वहिवाटीचा रस्ता असता तर जर्मनीने सोसलं असतं. ही पट्टी सातबाऱ्यासकट पोलंडच्या नावावर झाली आणि पूर्व प्रशिया पलीकडे तुटून पडला.

१४ सप्टेंबर, रविवार

दुसरा फलक: ब्रिटनने पूर्वेला हमी का दिली नाही.

चेंबर्लेननी १६ फेब्रुवारी १९२५ ला पॅरिसमधल्या आपल्या राजदूताला लिहिलं की पोलिश कॉरिडॉरसाठी कुठलंही ब्रिटिश सरकार एका ब्रिटिश ग्रेनेडियरची हाडंही धोक्यात घालणार नाही आणि घालू शकणार नाही. बाल्कनविषयी जर्मन चान्सलर बिस्मार्क जे बोलले होते तेच, फक्त पोमेरेनियाचा शिपाई जाऊन इंग्लंडचा आला. त्यामागचा हिशेब सरळ आहे. खाडीपलीकडचा बेल्जियमचा किनारा शत्रूच्या हाती गेला तर लंडन उघडं पडतं. पोलंडमधल्या व्हिस्चुला नदीशी लंडनचं काय देणंघेणं? सरसकट सगळ्या जगाला हमी देणारा जिनिव्हा प्रोटोकॉल त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनने नाकारला होता. म्हणजे पर्याय सगळ्यांना हमी की थोड्यांना, एवढाच नव्हता. थोड्यांना की कुणालाच नाही, हाही होता.

आजच्याच तारखेला, १९२६ मध्ये, करार अमलात आला. कलम १० प्रमाणे जर्मनी राष्ट्रसंघात आल्यावरच तो लागू होणार होता. मार्चमध्येच व्हायचं, पण स्पेन, पोलंड, ब्राझील सगळ्यांना मंडळावर कायमची जागा हवी होती आणि ब्राझील अडून बसलं. हमी ऱ्हाईनची, आणि खोळंबा रिओमुळे. ८ सप्टेंबरला जर्मनीला प्रवेश मिळाला, १० ला शिष्टमंडळ सभागृहात आलं आणि ब्रियाँनी ते भाषण केलं, बंदुका, मशीनगन, तोफा हटवा, समेटाला आणि लवादाला वाट द्या. त्या वर्षी ब्रियाँ आणि स्ट्रेसमान दोघांना शांततेचं नोबेल मिळालं. चेंबर्लेनना आदल्या वर्षाचं मिळालं होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस वाया. चारही फलक छापून आले आणि सगळीकडे 'र्हाईन'! मी मजकूर युनिकोडमध्ये दिला होता. छपाईवाल्यांनी तो त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवला आणि ऱ्ह चा अर्धा र थेट ह च्या डोक्यावर जाऊन रफार झाला. सतरा ठिकाणी. ब्रियाँचा चंद्रबिंदू गायब, ते ब्रिया झाले. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "काका, कोण एवढं बघतंय." मी बघतोय ना! पुन्हा छापायचे पैसे कोण देणार यावर तासभर. शेवटी तीन फलक त्याने फुकट करून दिले, तिसऱ्या फलकावर मी 'ऱ्हाईन'च्या छोट्या पट्ट्या चिकटवायच्या कबूल केल्या. अकरा पट्ट्या.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तिसरा फलक: सरोवरावरची बोट. आवडता भाग, म्हणून त्याची नोंद मुद्दाम मागे ठेवली होती.

१० ऑक्टोबरला सगळे मोठे मंत्री 'संत्र्याचं फूल' नावाच्या छोट्या बोटीत बसून सरोवरात गेले. निमित्त चेंबर्लेनबाईंच्या वाढदिवसाचं. खरं कारण राष्ट्रसंघाच्या सनदेचं कलम १६. एखाद्या राष्ट्राने सनद मोडून युद्ध केलं तर सगळ्या सभासदांनी त्याच्यावर बंधनं घालायची, गरज पडल्यास सैन्यालाही वाट द्यायची. जर्मनीचा पेच असा की सैन्य एक लाखावर आणलेलं, आणि बंधनं रशियावर घालायची वेळ आली तर रणभूमी त्याचीच. शिवाय मॉस्कोला दुखवायचं नव्हतं. लोकार्नोत बोलणी चालू असतानाच, १२ ऑक्टोबरला, मॉस्कोत जर्मनी-रशिया व्यापारी करारावर सह्या होत होत्या.

उत्तर निघालं ते एका जोडपत्रात. प्रत्येक सभासद आपल्या लष्करी परिस्थितीशी सुसंगत आणि भौगोलिक स्थिती लक्षात घेऊन जमेल तेवढं सहकार्य करील. वाक्य कायदेतज्ज्ञांनी घडवलेलं, जर्मनीचे गाउस, फ्रान्सचे फ्रोमाजो, ब्रिटनचे हर्स्ट. मंत्री हस्तांदोलन करतात, रात्री जागून स्वल्पविराम हलवतात ते हे लोक. असं वाक्य लिहायला अक्कल लागते. दोन्ही पक्षांना आपापल्या घरी जाऊन वेगवेगळं वाचता येतं. माझ्याही काही पंचनाम्यांत अशी वाक्यं आहेत. त्या वेळी वाद मिटला, दहा वर्षांनी त्याच वाक्यावर खटला उभा राहिला.

२८ सप्टेंबर, रविवार

आज नकाशानेच मला शिकवलं.

राहिला होता तो फ्रान्सचा दोरा. फ्रान्सने त्याच दिवशी पोलंडशी आणि चेकोस्लोव्हाकियाशी वेगळे हमी करार केले. ब्रिटन देत नाही ना, आम्ही देतो. त्यासाठी निळा दोरा, पॅरिसच्या टाचणीपासून वॉर्सापर्यंत. सुमारे १३७ सेंमी. भाच्याने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि ताणला. दोरा लक्झेंबर्गच्या टिकलीएवढ्या ठिपक्याजवळून निघाला आणि सरळ ऱ्हाईनच्या रेघारेघांच्या पट्ट्यावरून पुढे गेला. प्रागचा ताणला. तोही त्याच पट्ट्यावरून.

भाचा म्हणाला, "मामा, हा तर तुमच्या लाल दोरीलाच ओलांडतोय."

कलम मी चार वेळा वाचलं होतं. फ्रान्सने जर्मनीवर चाल करायची नाही, हा लाल दोरीचा अर्थ. पोलंडला वाचवायला जायचं तर फ्रान्सच्या फौजेला जर्मनीवर चाल करण्यावाचून रस्ता नाही. करार करणाऱ्यांना हे दिसत होतं, म्हणून कलम २ मध्ये अपवाद आहेत: स्वसंरक्षण, सनदेच्या कलम १६ खालची कारवाई, किंवा मंडळात एकमत झालं नाही तर कलम १५ च्या सातव्या परिच्छेदाने मिळणारी मोकळीक. म्हणजे निळा दोरा बेकायदा नाही. पण तो पॅरिसहून वॉर्साला सरळ जात नाही, जिनिव्हातल्या राष्ट्रसंघावरून वळसा घेऊन जातो. आणि फ्रान्स आपणहून निघाला तर जामीनदार ब्रिटनने कुणाच्या बाजूला उभं राहायचं?

म्हणून दोरा सोडवला आणि पॅरिस-जिनिव्हा-वॉर्सा असा पुन्हा बांधला. जिनिव्हाच्या टाचणीला दोन वेढे. दिसायला ओबडधोबड झालंय, मधे ढिला पडतो. तसाच ठेवणार.

दोन्ही बाजूंना जामीन राहण्याची आणखी एक मेख याच वेळी कळली. ब्रिटनने फ्रान्सच्या सेनाधिकाऱ्यांबरोबर बसून जर्मनीविरुद्ध आराखडे केले असते, तर न्यायाने जर्मनीबरोबर बसून फ्रान्सविरुद्धही करायला हवे होते. त्यामुळे हमी राहिली कागदावर, तिच्यामागे लष्करी योजना अशी कधी उभी राहिलीच नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

स्ट्रेसमान १९२९ मध्ये आजच्या दिवशी गेले, वय ५१. ब्रियाँ ७ मार्च १९३२ ला गेले. बरोबर चार वर्षांनी, ७ मार्च १९३६ ला, शनिवारी, हिटलरची फौज निर्लष्करी पट्ट्यात शिरली.

चौथा फलक हा. मजकूर लांबवला नव्हता, कारण लोक तेवढाच वाचतात. तरी काही गोष्टी हव्यातच होत्या. फौजेतल्या तीनच बटालियन ऱ्हाईन ओलांडून आखेन, ट्रीअर, झारब्रुकेनकडे गेल्या. सबब होती फ्रान्स-रशिया कराराची, आदल्या वर्षी २ मे रोजी झालेला, फ्रेंच संसदेच्या खालच्या सभागृहाने नुकताच मंजूर केलेला. व्हर्साय लादलेला होता असं म्हणायची सोय होती. लोकार्नोची ती नव्हती, आणि मे १९३५ च्या भाषणात हिटलरने तो पाळू म्हटलंही होतं. दोन जामीनदारांपैकी इटली तेव्हा इथिओपियाच्या युद्धामुळे राष्ट्रसंघाची आर्थिक बंधनं सोसत होता. जामीनदारावरच जप्ती! राहिला ब्रिटन. राष्ट्रसंघाचं मंडळ लंडनला भरलं, १९ मार्चला जर्मनीने करार मोडल्याचा ठराव झाला. ठराव झाला आणि तिथेच थांबला. पाच सह्यांची पक्की हद्द अशी गेली, तर पोलंडची कशी टिकणार होती?

भाच्याला वाटतं हा फलक पहिला हवा, म्हणजे लोक थांबतील. मी नकार दिला. शेवट आधी सांगितला की लोकार्नोतली माणसं मूर्ख दिसायला लागतात. ती मूर्ख नव्हती. दोस्तांच्या फौजेने व्यापलेला कोलोनचा टापू करारावर लंडनमध्ये सह्या झाल्या त्याच दिवशी रिकामा व्हायला लागला आणि जानेवारी १९२६ अखेर पुरता मोकळा झाला. ऱ्हाइनलँडमधली उरलेली परकी फौज ३० जून १९३० ला, मुदतीच्या पाच वर्षं आधी निघाली. तिथल्या शाळामास्तराला, दुकानदाराला हे थोडं नव्हतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

टाचण्या संपल्या, चांगल्या मिळेनात. दिवाळीच्या गर्दीत बाजार नुसता कंदिलांचा. चांभाराकडचे बारीक खिळे आणले, ते फ्लेक्सला बरे बसतात. पांढरा दोरा दोन हातांवरून दिसत नाही, अशी बाईंची तक्रार. खरी आहे. मागे काळ्या कागदाची पट्टी दिली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लावला. सकाळी दहा ते साडेबारा भिंतीशी झटापट, वरचा डावा कोपरा अजून अर्धा सेंमी खाली आहे.

शंभर वर्षांपूर्वी आज लोकार्नोत आद्याक्षरी झाली, चेंबर्लेनचा बासष्टावा वाढदिवस होता. बाईंनी पेढे आणले, लोकार्नोसाठी की दिवाळीसाठी ते विचारलं नाही. दिवसभरात चाळीसेक माणसं थांबली असतील. बहुतेक चौथ्या फलकापुढे. भाच्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

दुपारी माझ्याच खात्यातले एक जुने सहकारी आले. फलक एकही वाचला नाही. लाल दोरीवरून बोट फिरवत खाली आले, मग पांढऱ्या दोऱ्यापाशी थांबले. "ही मोजणी अर्धीच झालीय का?"

"झालीच नाही," मी म्हणालो. "भांडण झालं तर कोर्टात जाऊ, एवढं लिहून घेतलं."

"कब्जा कुणाचा?"

"पोलंडचा."

"आणि शेजाऱ्याने लिहून दिलं की काठी काढणार नाही, पण बांध मान्य नाही?"

"हो."

ते थोडा वेळ जिनिव्हाच्या खिळ्यावरचे दोन वेढे बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे असं प्रकरण आलं की साहेब म्हणायचे, फाइल वरच ठेवा."

१ डिसेंबर हा लंडनमधल्या सह्यांचा दिवस, तोवर नकाशा भिंतीवर ठेवायला बाई तयार आहेत. तिसऱ्या फलकावरच्या अकरापैकी दोन पट्ट्या पंख्याच्या वाऱ्याने सुटल्यात. सोमवारी डिंक घेऊन जायचं.